ड्रॅक्युलाला घरात कोणी घेतले?

१९५७च्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या अनेक शहरांमधील दूरचित्रवाणी केंद्रांनी रात्री उशिराच्या वेळेत जुने भयपट दाखवायला सुरुवात केली. 'ड्रॅक्युला' आणि 'फ्रँकेनस्टाइन' हे दोन्ही १९३१चे, 'द ममी' १९३२चा, 'द इन्व्हिजिबल मॅन' १९३३चा, तर 'द वुल्फ मॅन' १९४१चा. चित्रपटगृहांत त्यांचे दिवस केव्हाच संपले होते आणि ड्रॅक्युला रंगवणारा बेला लुगोसी आदल्याच वर्षी वारला होता. तरीही या प्रक्षेपणानंतर शाळकरी मुलांची एक अख्खी पिढी या भुतांच्या नादी लागली, आणि १९५८ साली तर केवळ पडद्यावरच्या राक्षसांना वाहिलेले एक मासिकही निघाले. आज ज्यांना आपण अभिजात भयपट म्हणतो, त्यांना ते अभिजातपण मोठ्या प्रमाणात दूरचित्रवाणीने मिळवून दिले. ब्रॅम स्टोकर यांच्या मूळ कादंबरीत असा नियम सांगितला आहे की, घरातल्या कोणीतरी बोलावल्याशिवाय ड्रॅक्युलाला प्रथम उंबरठा ओलांडता येत नाही. घरोघरीच्या टीव्ही संचात त्याला कोणी आणि कशासाठी बोलावले, याचे उत्तर कंपन्यांच्या हिशेबाच्या वह्यांत सापडते.

हॉलिवुडच्या स्टुडिओंच्या दृष्टीने दूरचित्रवाणी ही सवत होती. लोक घरी बसून फुकट करमणूक पाहू लागल्यामुळे चित्रपटगृहे ओस पडू लागली होती, आणि अशा वेळी आपलेच जुने चित्रपट तिच्या हवाली करणे म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणे, असे मोठ्या स्टुडिओंना वाटत होते. हा बांध १९५५ साली फुटला. हॉवर्ड ह्यूज यांनी आरकेओ हा स्टुडिओ टायर बनवणाऱ्या एका कंपनीच्या उपकंपनीला विकला. या उपकंपनीची स्वतःची रेडिओ आणि दूरचित्रवाणी केंद्रे होती, आणि चित्रपट साठवून ठेवण्यात तिला काडीचाही रस नव्हता. आरकेओच्या सातशेहून अधिक चित्रपटांचे हक्क लवकरच बाजारात आले. १९५६ साली न्यूयॉर्कच्या डब्ल्यूओआर केंद्राने 'किंग काँग' दाखवला, तोही एकच चित्रपट आठवडाभर रोज रात्री दोनदा दाखवण्याच्या आपल्या पद्धतीने. हे पाहिल्यावर बाकीच्या स्टुडिओंचा सोवळेपणा फार दिवस टिकला नाही. युनिव्हर्सलने आपले १९४८पूर्वीचे पाचशेहून अधिक चित्रपट, सुमारे दोन कोटी डॉलर घेऊन, दहा वर्षांच्या भाडेपट्ट्याने कोलंबियाच्या स्क्रीन जेम्स या उपकंपनीला दिले. सुरुवातीला सांगितलेले भयपट एकगठ्ठा टीव्हीवर आले, त्याचा उगम या व्यवहारात आहे.

या सगळ्या व्यवहारांत १९४८ हे साल पुन्हा पुन्हा येते, आणि त्यामागचे कारण कलेशी काडीमात्र संबंधित नाही. चित्रपट दूरचित्रवाणीला विकला तर त्यात काम केलेल्या कलावंतांना वेगळा मोबदला मिळावा, अशी नटांच्या संघटनेची मागणी होती, आणि १ ऑगस्ट १९४८ नंतरच्या चित्रपटांबाबत तिने तो मुद्दा करारात घालून ठेवला होता. त्यामुळे त्या तारखेआधीचा चित्रपट विकणे स्टुडिओला सोपे होते: निर्मितीचा खर्च केव्हाच वसूल झालेला आणि नव्याने कोणाचे देणे नाही. १९६०च्या संपानंतर पुढच्या चित्रपटांसाठी नटांना असा मोबदला मिळू लागला, १९४८ ते १९६० या काळातल्या चित्रपटांपोटी निवृत्तिवेतन आणि आरोग्य निधीसाठी एकरकमी तडजोड झाली, आणि १९४८पूर्वीचे कलावंत कोरडेच राहिले. फ्रँकेनस्टाइनचा राक्षस साकारणारा बोरिस कार्लोफ हा नटांच्या याच संघटनेच्या पहिल्या सभासदांपैकी एक. त्याचा चेहरा देशभर रात्रीमागून रात्री दिसत राहिला, आणि नियमाप्रमाणे त्या प्रक्षेपणांचा एक छदामही त्याच्या वाट्याला येणार नव्हता.

स्क्रीन जेम्सने युनिव्हर्सलच्या साठ्यातून बावन्न चित्रपट निवडले आणि 'शॉक' या नावाने त्यांचा एक गठ्ठा केला. बावन्न हा आकडा सहज कळण्याजोगा आहे, कारण आठवड्याला एक धरला तर वर्ष भरते. बावन्न खरेखुरे भयपट मात्र त्या साठ्यात नव्हते. म्हणून खुनाचा तपास, बंद खोलीचे रहस्य, हेरगिरी अशा विषयांचे, फारसा बोलबाला नसलेले अनेक रहस्यपट त्यात भरले गेले. भयपट आणि रहस्यपट हे दोन वेगळे प्रकार आपल्या मनात एकाच रात्रीच्या वेळेला का चिकटलेले असतात, याचे एक कारण मला या गठ्ठ्यात दिसते. आंब्याच्या पेटीत वरचा थर हापूसचा आणि खाली रायवळ, हा प्रकार कोकणाबाहेरही चालतो तो असा.

ही पद्धत इतकी सर्रास होती की अखेर ती न्यायालयात गेली. चित्रपटगृहांवर चांगल्या चित्रपटाबरोबर टाकाऊ चित्रपट लादण्याला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ सालीच मनाई केली होती. दूरचित्रवाणीच्या बाबतीत तसाच निकाल १९६२ साली लागला, आणि त्या खटल्यातल्या प्रतिवादींमध्ये स्क्रीन जेम्सही होती. निकालपत्रात एक मासलेवाईक उदाहरण दिलेले आहे. वॉशिंग्टनच्या एका केंद्राला 'कासाब्लांका' हवा होता, आणि तो मिळवण्यासाठी त्याला 'गोरिला मॅन' तसेच नॅन्सी ड्र्यू या मुलीच्या हेरकथेवरचा एक चित्रपटही विकत घ्यावा लागला होता. कायद्याच्या नजरेने हा अन्याय होता हे खरेच. तरी रसिक म्हणून माझे मत थोडे निराळे आहे. केंद्रांना निवडीची मोकळीक असती, तर त्यांनी पाच-सहा नावाजलेले चित्रपट उचलले असते आणि बाकीचे तळघरात सडले असते.

गठ्ठा विकत घेतल्यावर पुढची अडचण वेळेची होती. 'ड्रॅक्युला'ची लांबी सुमारे पंचाहत्तर मिनिटे, 'फ्रँकेनस्टाइन'ची एकाहत्तर, 'द वुल्फ मॅन'ची सत्तर. जाहिराती घालूनही दीड तासाचा कार्यक्रम नेहमीच भरत नसे, आणि स्थानिक केंद्राकडे त्या वेळेसाठी पैसा तर जवळजवळ नसेच. मग केंद्रातल्याच एखाद्या निवेदकाला किंवा नटाला पांढरे तोंड रंगवून, काळा कोट घालून शवपेटीशेजारी उभे केले जाई. या प्रकाराची सुरुवात १९५४ साली लॉस एंजेलिसमध्ये मैला नर्मी यांनी 'व्हँपायरा' या नावाने केली होती. १९५७ नंतर मात्र शहरोशहरी असे भूत-निवेदक उगवले. फिलाडेल्फियात जॉन झॅकर्ली हे 'रोलंड' झाले आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्कला जाऊन 'झॅकर्ली' याच नावाने गाजले. चित्रपट चालू असताना ते मध्येच स्वतःचे दृश्य घुसवत, पात्रांना टोमणे मारत. कलाकृतीचा हा अपमान आहे, असे शुद्धतावाद्यांना तेव्हाही वाटे आणि आजही वाटते. मला वाटते, चित्रपट वाचले ते या टवाळीमुळे. पंचवीस वर्षांपूर्वीचा अभिनय नव्या प्रेक्षकाला हास्यास्पद वाटणारच होता. निवेदक आधीच हसून मोकळा झाल्यामुळे प्रेक्षकाचे हसू संपे, आणि मग कार्लोफच्या डोळ्यांकडे लक्ष जाई.

घरात शिरलेले भूत संपूर्ण मात्र नव्हते. 'फ्रँकेनस्टाइन'मध्ये राक्षस तळ्याकाठी एका लहान मुलीबरोबर पाण्यात फुले सोडत खेळतो. फुले संपल्यावर, तीही फुलासारखीच तरंगेल या समजुतीने, तो तिला उचलून पाण्यात टाकतो आणि ती बुडते. १९३४पासून हॉलिवुडची नीतिसंहिता कडकपणे अमलात आली, आणि त्यानंतर चित्रपट पुन्हा प्रदर्शित करताना हा तुकडा कापण्यात आला. टीव्हीवर वर्षानुवर्षे गेली ती हीच कापलेली प्रत. तिच्यात राक्षस मुलीकडे हात पुढे करतो, तेथेच दृश्य तुटते, आणि नंतर बाप तिचे निर्जीव शरीर हातांवर घेऊन गावातून चालत येतो. मधल्या वेळात नेमके काय घडले, हे प्रेक्षकाच्या कल्पनेवर सोडले गेले. त्याने केलेली कल्पना मूळ दृश्यापेक्षा कितीतरी घाणेरडी असे, आणि राक्षसाचे अजाणपण, जे दिग्दर्शक जेम्स व्हेल यांना दाखवायचे होते, ते पुसले गेले. कापलेला तुकडा १९८०च्या दशकात परत जोडला गेला. सभ्यतेच्या नावाखाली लावलेली कात्री चित्रपटाला अधिक असभ्य करू शकते, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे आठवत नाही.

आता कॉपीराइटकडे वळू, कारण टीव्हीवर अमुक एक चित्रपट सतत का दिसतो आणि तमुक कधीच का दिसत नाही, याचे कोडे बहुतेक वेळा तेथे सुटते. अमेरिकेत १९०९च्या कायद्यानुसार कलाकृतीला पहिली अठ्ठावीस वर्षे संरक्षण मिळे, आणि मुदत संपताना अर्ज केला तर ते आणखी वाढे. अर्ज करायचा राहिला तर चित्रपट सर्वांचा होई. त्याहून कडक अट म्हणजे प्रदर्शित प्रतीवर हक्काची सूचना छापलेली असायलाच हवी. जॉर्ज रोमेरो यांचा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' हा १९६८चा चित्रपट या अटीत अडकला. त्याचे आधीचे नाव वेगळे होते. वितरकाने नाव बदलताना शीर्षकाची पाटी नवी केली, आणि जुन्या पाटीवर असलेली सूचना नव्या पाटीवर आलीच नाही. एका पाटीच्या चुकीमुळे चित्रपट पहिल्या खेळापासून हक्कमुक्त झाला. कोणत्याही केंद्राने तो कोणालाही न विचारता दाखवावा आणि कोणीही त्याच्या कॅसेटी विकाव्यात, अशी स्थिती आली. निर्मात्यांचे यात फार मोठे नुकसान झाले. चित्रपट मात्र फुकट मिळतो म्हणून इतक्या ठिकाणी, इतक्या वेळा दाखवला गेला की जगभरच्या झाँबीपटांचा तो मूळपुरुष ठरला. नट बॅसिल रॅथबोन यांच्या चौदा शेरलॉक होम्सपटांचीही अशीच वाटणी झाली आहे. त्यांतले चार हक्कमुक्त झालेले असल्यामुळे स्वस्त वाहिन्यांवर आणि स्वस्त डीव्हीडींवर सतत आढळतात ते तेच चार. ते सर्वोत्तम आहेत म्हणून निवडले गेले, असा समज करून घेऊ नये.

भारतातला नियम या मानाने सरळ आहे. येथे सूचना छापली नाही किंवा नोंदणी केली नाही म्हणून हक्क जात नाही. चित्रपट प्रकाशित झाला त्याच्या पुढच्या वर्षाच्या आरंभापासून साठ वर्षे मोजायची, म्हणजे झाले. बॉम्बे टॉकीजचा 'महल' १९४९चा. तो चित्रपट म्हणून २०१०च्या जानेवारीपासून हक्कमुक्त आहे. राजा परांजपे यांचा 'पाठलाग' हा मराठीतला गाजलेला रहस्यपट १९६४चा, म्हणजे त्याची साठ वर्षे २०२४च्या अखेरीस भरली. पण चित्रपट ही एकच वस्तू नसते. 'पाठलाग'ची गीते गदिमांची आहेत, आणि साहित्याचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. गदिमा १९७७ साली गेले, तेव्हा त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ संपेपर्यंत राहील. शिवाय ज्या कथेवरून चित्रपट बेतला, तिचा हिशेब वेगळा आणि संगीताचा वेगळा. चित्रपट मोकळा झाला, असे म्हणताना त्याचा कोणता धागा मोकळा झाला, हे प्रत्येक वेळी विचारावे लागते.

हक्क मिळाले तरी फिल्म आणि टीव्ही यांच्या गतीचा मेळ बसत नाही. बोलपट सेकंदाला चोवीस चित्रांच्या गतीने घेतला जातो. अमेरिकेत वीज साठ हर्ट्झची, म्हणून जुन्या पद्धतीचा टीव्ही सेकंदाला साठ अर्धी चित्रे दाखवी. तेथे फिल्मचे एक चित्र दोनदा आणि पुढचे तीनदा, असे आलटून पालटून दाखवून चोवीसाचे साठ केले जात, आणि त्यामुळे कॅमेरा संथपणे फिरत असताना बारीक हिसके जाणवत. भारतात वीज पन्नास हर्ट्झची, म्हणून टीव्ही सेकंदाला पन्नास अर्ध्या, म्हणजे पंचवीस पूर्ण चित्रांचा. येथे सोपा उपाय होता: फिल्मच पंचवीसच्या गतीने पळवायची. चित्रपट साधारण चार टक्के जलद चाले. पंचाहत्तर मिनिटांचा 'ड्रॅक्युला' या पद्धतीने बहात्तर मिनिटांत आटोपतो आणि लुगोसीचा खर्जातला आवाज किंचित चढा होतो. फरक पाव सुराहून थोडा अधिक, पण भीती ज्या चित्रपटात संथपणावर उभी आहे, तेथे तो अगदीच क्षुल्लक नव्हे.

चौकटीचा आकार हा याहून मोठा प्रश्न होता. १९३० आणि १९४०च्या दशकांतल्या चित्रपटांची चौकट जुन्या टीव्हीच्या चार-तीनच्या चौकटीत जवळजवळ तंतोतंत बसे, आणि युनिव्हर्सलचे भयपट टीव्हीवर शोभले त्याचे हेही एक कारण आहे. १९५३ नंतर चित्रपटगृहांनी टीव्हीला मागे टाकण्यासाठी रुंद पडदे आणले, आणि त्या चित्रपटांचा टीव्हीवर बळी गेला. जॅक क्लेटन यांचा १९६१चा 'द इनोसंट्स' हा कृष्णधवल चित्रपट सिनेमास्कोप या रुंद पडद्याच्या पद्धतीत आहे. छायालेखक फ्रेडी फ्रान्सिस यांनी भिंगापुढे कडा रंगवलेल्या काचा लावून चौकटीच्या दोन्ही बाजू काळोखात बुडवल्या होत्या, म्हणजे बाईच्या हातातल्या मेणबत्तीपलीकडे काय आहे, या शंकेने प्रेक्षकाची नजर सतत कडांकडे जात राहावी. टीव्हीसाठी अशा चित्रपटाची मधली पट्टी तेवढी ठेवून दोन्ही बाजू कापून टाकत. ज्या काळोखासाठी एवढा खटाटोप केला, नेमका तोच घरच्या पडद्याबाहेर राही. असा चित्रपट पूर्वी टीव्हीवर पाहून कोणाला तो सपक वाटला असेल, तर त्या मताला चित्रपटगृहात किंवा आजच्या रुंद पडद्यावर एक फेरविचार मिळायला हवा.

आपल्याकडे या सगळ्याशिवाय प्रमाणपत्राचा उंबरठा आहे. २००५च्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने एका जनहित याचिकेवर अंतरिम आदेश देऊन केबलवर 'ए' प्रमाणपत्राचे चित्रपट दाखवण्यास मनाई केली. फक्त प्रौढांसाठी असलेला चित्रपट घरातल्या पडद्यावर आला की तो फक्त प्रौढांपुरता राहत नाही, हा त्यामागचा युक्तिवाद. चित्रपटगृहाच्या दारात वय पाहणारा माणूस असतो. टीव्हीला दारच नसते. तेव्हापासून प्रौढांसाठीचा भयपट वाहिनीवर आणायचा तर त्याला पुन्हा कात्री लावून, पुन्हा सेन्सॉर मंडळाकडे नेऊन, 'यूए' प्रमाणपत्र मिळवावे लागते. २०२३च्या दुरुस्तीने टीव्हीसाठी वेगळे प्रमाणपत्र देण्याची स्पष्ट तरतूद कायद्यातच आली. व्यवहारात याचा परिणाम असा होतो की रक्ताचे आणि देहाचे दृश्य जाते, आणि ज्या चित्रपटाजवळ त्याखेरीज काही नव्हते तो जाहिरातींमधला एक विस्कळीत तुकडा उरतो. दार कुरकुरणे, सावली सरकणे, पडद्याआडचा श्वास यांवर बेतलेले जुने कृष्णधवल चित्रपट मात्र या कात्रीतून बहुधा अखंड बाहेर येतात, कारण त्यांच्यात कापण्याजोगे काही सापडतच नाही.

अमेरिकेतल्या जुन्या भुतांचा हिशेब आता नव्या टप्प्यावर येतो आहे. तेथील सध्याच्या कायद्याप्रमाणे १९३१च्या चित्रपटांची पंचाण्णव वर्षांची मुदत २०२६च्या अखेरीस संपते. म्हणजे २०२७च्या १ जानेवारीला 'ड्रॅक्युला' आणि 'फ्रँकेनस्टाइन' हे दोन्ही हक्कमुक्त होतात. मेरी शेली यांची १८१८ची कादंबरी कधीचीच सर्वांची आहे. तिच्यातला राक्षस मात्र आपल्याला ठाऊक असलेल्या रूपाचा नाही. सपाट डोके आणि मानेतले खिळे ही जॅक पिअर्स या रंगभूषाकाराच्या कामातून पडद्यावर आलेली ठेव, आणि ती चित्रपटाबरोबर मोकळी होईल. त्याच राक्षसाच्या तोंडी शब्द आले ते १९३५च्या 'ब्राइड ऑफ फ्रँकेनस्टाइन'मध्ये, आणि त्या चित्रपटासाठी २०३१ उजाडावे लागेल. तोवर एखाद्या छोट्या वाहिनीला मुका राक्षस फुकट दाखवता येईल. बोलका दाखवायचा तर युनिव्हर्सलकडेच जावे लागेल. आणि मुका राक्षस दाखवायलाही चांगली प्रत लागेलच. तळ्याकाठचे दृश्य परत जोडलेली, स्वच्छ केलेली प्रत स्टुडिओच्या तिजोरीत आहे. हक्क संपले म्हणून त्या तिजोरीची किल्ली कोणाला देण्याचे बंधन स्टुडिओवर येत नाही.